कॉफीचं दुकान काढताय? मशीनच्या आधी कपाचा भाव काढा

स्वतःची दोन आणि ओळखीच्यांची सात-आठ, एवढी स्पेशालिटी कॉफीची दुकानं आजवर उभी करून झाली. बहुतेक पुण्यात, एक नाशिकला, एक कोल्हापुरात. सल्ला मागायला येणारा प्रत्येक जण आधी मशीन कुठलं घेऊ ते विचारतो, मग खुर्च्या, मग कप. भावाचा विषय निघतो तो पेंटर बोर्ड रंगवायला दारात येऊन उभा राहिल्यावर. हा क्रम पूर्ण उलटा आहे. भाव आधी काढा, गाळा त्यानंतर बघा. भावाची आकडेमोड करतानाच कळतं की तो गाळा आपल्याला परवडणारा आहे की नाही.

बाकीच्या गोष्टी मी भराभर सांगून टाकते, कारण त्या अवघड नाहीत.

कागदपत्रं. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना, जीएसटी, महापालिकेत चौकशी, शॉप ॲक्ट. महाराष्ट्रात मोजकीच माणसं कामाला असतील तर शॉप ॲक्टसाठी फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. महावितरणच्या थ्री फेज मीटरचा अर्ज मात्र भाडेकरार झाला त्याच दिवशी करा.

मशीन आणि ग्राइंडर. पैसे कमी असतील तर मशीन जुनं घ्या, ग्राइंडर नवा घ्या. जुनं दोन ग्रुपचं (कॉफी काढायची दोन तोंडं असलेलं) मशीन चांगल्या कारागिराच्या हाताखाली वर्षानुवर्षं चालतं. खराब ग्राइंडरमधून चांगली कॉफी काढणं कुणालाच जमत नाही. मशीन घेण्याआधी एवढंच विचारा: गास्केट (आतली रबरी चकती) फाटलं तर तुमच्या शहरात ते किती दिवसांत मिळेल?

पाणी. पुण्यात एप्रिल-मे आला की बऱ्याच सोसायट्यांत टँकर सुरू होतो आणि नळातलं पाणी एका आठवड्यात बदलतं. बोअरच्या जड पाण्याने बॉयलरमध्ये क्षार साचतात, आणि नुसत्या आरओच्या पाण्यात कॉफी पांचट लागते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत येतो, तो घ्या. आकडा दीडशेच्या आसपास राहील असं आरओ आणि साध्या फिल्टरचं पाणी एकत्र करा. रोज सकाळी मोजा.

बिया. चिकमगळूर, कोडगू, अराकू, तुम्हाला आवडेल तिथलं घ्या. पण पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर हात लावू नका. स्पेशालिटी म्हणजे शंभरपैकी ऐंशी किंवा अधिक गुण मिळालेली कॉफी. हे गुण चाखून दिलेले असतात, तेव्हा तुम्हीही चाखूनच घ्या. दुधाच्या कॉफीसाठी एकच ब्लेंड (बियांचं मिश्रण) ठेवा आणि काळ्या कॉफीसाठी दोन मळ्यांच्या बिया. सुरुवातीलाच सहा-सहा प्रकार ठेवणाऱ्यांकडे त्यातले चार शिळे होत पडतात. भाजल्यावर आठवडाभर बियांना विसावू द्या. डबल एस्प्रेसोसाठी १८ ग्रॅम पूड, कपात उतरलेली ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद, इथून सुरुवात करा आणि जिभेला विचारून पुढे जा.

आता भाव.

सगळ्यांना एकच सल्ला मिळतो, मलाही तोच मिळाला होता: कच्च्या मालाच्या तिप्पट लाव. हा सल्ला मोठ्या खानावळीत कदाचित चालत असेल, कॉफीच्या छोट्या दुकानात तो माणसाला बुडवतो. मी पहिल्या दुकानात तेच केलं आणि कॅपुचिनो १२० रुपयांना लावली. त्यातून मनात भीतीही होती, की समोर अमृततुल्यचा चहा दहा-पंधरा रुपयांत मिळत असताना आपल्याकडे कोण येणार. लोक आले. रविवारी बाहेर वाट बघत उभे राहायचे. आणि चौथ्या महिन्यात पोरांचे पगार द्यायला मला घरातून पैसे आणावे लागले. दुकान भरलेलं असताना पैसा कुठे जातोय हे कळायला मला पुढचे दोन महिने लागले. तो हिशेब आजच्या आकड्यांत मांडून दाखवते. आकडे माझ्या वहीतले आहेत. तुमचे वेगळे येतील, मांडणी हीच ठेवा.

पहिलं, कपाची खरी किंमत. एक किलो बियांत १८ ग्रॅमचे ५५ कप होतात, असं कॅल्क्युलेटर म्हणतो. आठवडाभर वहीत लिहा: किती किलो उघडलं आणि किती कप विकले. माझ्याकडे किलोमागे ४६ येतात. उरलेले नऊ कुठे जातात? सकाळी ग्राइंडर लावताना ओतून दिलेले, चुकले म्हणून परत आलेले, पोरांनी प्यायलेले. हे जाणारच, त्यावरून कुणाला ओरडू नका, पण मोजा. बिया १४०० रुपये किलो धरल्या तर कपाला ३० रुपये. दूध जगमध्ये १८० मिलि घ्यावं लागतं, लिटरला ६० रुपयांनी ११. साखर, टिशू, साबण मिळून २. कॅपुचिनोचा माल झाला ४३ रुपयांचा. पार्सल असेल तर कप आणि झाकणाचे दहा वेगळे.

तिप्पट केलं की १२९ रुपये होतात, आणि आकडा ठीकच वाटतो. तिथेच थांबू नका.

दुसरं, दार उघडण्याचा खर्च. एकही कप न विकता महिन्याला जे द्यावंच लागतं ते. चारशे चौरस फुटांचा, मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीतला गाळा: भाडं ५५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६४,९००. इथे नवीन माणूस हमखास फसतो. रेस्टॉरंट म्हणून तुम्ही गिऱ्हाइकाकडून ५ टक्के जीएसटी घेता, पण त्या बदल्यात भाड्यावर, मशीनवर भरलेल्या जीएसटीची वजावट तुम्हाला मिळत नाही. तो सगळा खर्चातच जातो. गाळामालकाची जीएसटी नोंदणी नसली, तरी ऑक्टोबर २०२४ पासून नियमित नोंदणी असलेल्या भाडेकरूला भाड्यावरचा जीएसटी स्वतः भरावा लागतो. करार करण्याआधी सीएसमोर बसून हे समजून घ्या. कंपोझिशन योजनेचंही, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेचंही, तेव्हाच विचारा. त्या योजनेत कर तुमच्या खिशातून जातो, बिलावर वेगळा लावता येत नाही.

पुढे पगार: तीन पोरांचे मिळून ५४,०००. स्वतःचे ३५,०००. स्वतःचा पगार धरत नाही म्हणणाऱ्याशी मी पुढे बोलतच नाही. तुम्ही दिवसाचे बारा तास फुकट राबणार असाल तर तो भाव कॉफीचा नाही, तुमच्या तब्येतीचा आहे. वीज १६,०००. इंटरनेट, बिलिंग, सफाई, फिल्टर, सीए मिळून ९,०००. मशीन, ग्राइंडर, फर्निचरवर १५ लाख घातले असतील तर पाच वर्षांत वसूल धरून महिन्याला २५,०००. दुरुस्तीसाठी बाजूला ५,०००. बेरीज होते २,०८,९००. सोयीसाठी दोन लाख नऊ हजार धरू.

तिसरं, आणि सगळा भाव ज्यावर उभा आहे ते: दिवसाला कप किती. माझी खरी चूक इथे झाली होती. रविवारचे ११० कप बघून मी तेच डोक्यात धरलं. सोमवारी दुकान बंद. मंगळ ते शुक्र रोज साठ, शनिवारी ९५, रविवारी ११०, म्हणजे आठवड्याचे ४४५ आणि दिवसाचे सरासरी ७४-७५. महिन्याचे दिवस २६. दोन लाख नऊ हजारांना २६ ने भागा, दिवसाचे ८,०३८ होतात. ते ७५ कपांवर वाटले तर प्रत्येक कपाच्या डोक्यावर १०७ रुपये येतात. माल ४३ आणि दुकान १०७, म्हणजे दीडशे रुपयांना कप फक्त फिटतो. त्यावर नफा आणि ५ टक्के कर. मी १८० लावते, कर आत धरून. कर वजा जाता हातात येतात १७१, माल वजा जाता १२८. या हिशेबाने दिवसाला ६३ कप गेले की महिना भागतो.

आता माझे जुने १२० रुपये या मांडणीत घाला. कर गेला की ११४, माल गेला की ७१. महिना भागायला दिवसाला ११३ कप लागतात. माझ्याकडे खुर्च्या चौदा होत्या. म्हणजे रोजच रविवार असता तरी ते दुकान तोट्यातच चाललं असतं, आणि मला वाटत होतं की आपण मेहनतीत कमी पडतोय.

म्हणून गाळा ठरवण्याआधी कप मोजा. त्या भागात तुमच्यासारखं एखादं दुकान असेल तर त्याच्या समोर एका मंगळवारी आणि एका रविवारी उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसा आणि वहीत रेघा ओढा. मित्रांना विचारू नका, ते तुम्हाला बरं वाटेल ते सांगतात. जमलं तर जुलैमध्येही मोजा. पावसाळ्यात माझी सरासरी ५१ वर येते. ६३ च्या खाली १२ कप, म्हणजे महिन्याला चाळीस हजारांच्या आसपास तूट. ती मार्च ते मे या थंड कॉफीच्या दिवसांतल्या गल्ल्यातून आधीच बाजूला काढून ठेवायची.

चौथं, बाकीच्या पेयांचे भाव. टक्क्यांत विचार करू नका, रुपयांत करा. कर आणि माल वजा जाता कपामागे किती उरलं, एवढंच बघा. पोअर ओव्हरला, म्हणजे कागदी फिल्टरमधल्या पुडीवर हाताने गरम पाणी ओतून गाळलेल्या कॉफीला, मी एका मळ्याच्या २,४०० रुपये किलोच्या बिया वापरते, नासधूस आणि फिल्टरचा कागद धरून माल ६१ रुपयांचा. पण त्यात बरिस्ताची, म्हणजे कॉफी बनवणाऱ्याची, पाच मिनिटं जातात आणि तेवढ्यात तीन कॅपुचिनो होतात. म्हणून तो २५० ला, हातात १७७. एस्प्रेसोचा माल ३२ चा, भाव १३०, हातात ९२ च. तेही मला मान्य आहे, कारण ते गिऱ्हाईक काउंटरपाशी उभ्याने पिऊन पाच मिनिटांत जातं, खुर्ची अडत नाही. महिन्याअखेरी कुठलं पेय किती गेलं ते मांडा. सगळ्यांची सरासरी १२८ च्या खाली घसरत असेल तर मेनूत काहीतरी चुकलंय.

लॅपटॉप घेऊन तीन तास बसणाऱ्यांचा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. पाट्या लावू नका, वायफाय बंद करू नका. दुसरा कप १२० ला द्या. ती खुर्ची तशीही अडलेली आहे, त्यावर ७१ रुपये अधिक आले. बहुतेक लोक आनंदाने घेतात आणि उद्या परत येतात.

डिलिव्हरी ॲपवर गरम कॉफी विकू नका. अर्ध्या तासाने पोचलेला फेस बसलेला कप तुमचं नाव घालवतो आणि कमिशन, डबा जाऊन हातात फार काही राहत नाही. बाटलीबंद कोल्ड ब्रू (थंड पाण्यात बरेच तास भिजवून काढलेली कॉफी) तेवढी ठेवा, तीही कमिशन वजा करून भाव काढल्यावरच.

पाचवं, भाव वाढवणं. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरॅबिका जातीची कॉफी पौंडाला चार डॉलरच्या वर गेली आणि ओळखीतल्या अनेकांनी घाबरून एकदम तीस-चाळीस रुपये वाढवले. हिशेब करून बघा. बिया किलोला ३०० रुपयांनी महागल्या तर ४६ ने भागून कपाला साडेसहा रुपये वाढतात. दहा रुपये वाढवले की विषय संपला. उलट, रोजचे दहा कप कमी झाले तर दुकानाचा १०७ चा वाटा १२४ होतो, म्हणजे कपाला सतरा रुपये. चाळीस वाढवून गिऱ्हाईक घालवणं बियांच्या महागाईपेक्षा महाग पडतं. मी दरवर्षी एप्रिलमध्ये, नव्या हंगामाच्या बिया आल्या की दहा रुपये वाढवते. पंधरा दिवस आधी काउंटरवर तोंडी सांगते, कारणासकट. रोजच्या गिऱ्हाइकाला मान दिला तर ते दहा रुपयांसाठी सोडून जात नाही.

आणि उद्घाटनाची सवलत देऊ नका. अर्ध्या भावात प्यायलेल्याच्या मनात तोच खरा भाव बसतो, पुढे तुम्ही कायम महागच वाटता. त्याऐवजी पहिले आठ दिवस छोट्या पेल्यांतून काळी कॉफी फुकट चाखायला द्या. समोर दहा रुपयांत चहा मिळतो म्हणणाऱ्यालाही द्या, त्याच्याशी वाद घालू नका. कुणी साखर मागितली तर तीही द्या, चेहरा न पाडता.

पेंटर आलाच असेल तर त्याच्याकडून दुकानाचं नाव तेवढं रंगवून घ्या. भाव खडूने फळ्यावर लिहा, निदान पहिले तीन महिने. दर महिन्याच्या एक तारखेला वही उघडून किलोमागे कप, दिवसाचे कप आणि कपामागे उरलेले रुपये हे तीन आकडे मांडा. तीन महिने ते स्थिर राहिले की मग मेनू छापायला टाका.