आयएल-६ मोजायला बसण्याआधी

रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमधल्या (आरए, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आजार) आयएल-६ वर (इंटरल्यूकिन-६, पेशींमधलं निरोप्याचं काम करणारं प्रथिन) काम करायचंय म्हणत दर वर्षी कुणी ना कुणी येतंच. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, किट कुठलं घेऊ?" किटचं नंतर बघू. ज्या रक्तात तुम्ही ते वापरणार, त्यात आणखी काय काय आहे ते आधी बघा.

आयएल-६ काय करतं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. १९८६ मध्ये ओसाकात किशिमोतो आणि हिरानो यांच्या गटाने त्याचं जनुक क्लोन केलं, तेव्हा ते बी पेशींकडून अँटिबॉडी बनवून घेणारा घटक शोधत होते. पुढे कळलं की हाच रेणू यकृताला सीआरपी (सूज दाखवणारं प्रथिन) बनवायला लावतो, हेप्सिडिन हे संप्रेरक वाढवून लोह अडकवून ठेवतो आणि हाड कुरतडणाऱ्या ऑस्टिओक्लास्टनाही बळ देतो. म्हणून तर सुजलेली बोटं, चढलेला सीआरपी आणि उतरलेलं हिमोग्लोबिन एकाच पेशंटमध्ये सापडतं. चित्र इतकं छान जुळतं की वाटतं, आयएल-६ मोजलं की झालं काम.

नाही होत. सँडविच एलायझात, म्हणजे किटमधल्या नेहमीच्या चाचणीत, एक अँटिबॉडी प्लेटला चिकटवलेली असते, दुसरी रंग आणणारी, आणि दोघींच्या मध्ये आयएल-६. आता आरएच्या बहुतेक पेशंटच्या रक्तात असणारा आरए फॅक्टर म्हणजे काय ते आठवा. आयजीजी या नेहमीच्या अँटिबॉडीची शेपटी, म्हणजे एफसी भाग, पकडणारी अँटिबॉडी. ती बहुतेक वेळा आयजीएम प्रकारची असते, म्हणजे पकडायला दहा जागा. आणि किटमधल्या दोन्ही अँटिबॉडी असतात उंदीर, ससा नाहीतर बकरीच्या आयजीजी. आरए फॅक्टर माणसाच्या आयजीजीवर थांबतोच असं नाही, प्राण्यांच्या आयजीजीलाही तो चिकटू शकतो. एका बाजूने खालची अँटिबॉडी धरली, दुसऱ्या बाजूने वरची, की ओढ्यावर साकव टाकल्यासारखं होतं. मध्ये आयएल-६ चा एक रेणू नसला तरी प्लेटमधली विहीर (छोटा खळगा) पिवळीधमक होते, आणि रंग मोजणारा रीडर बिचारा इमानदारीने पिकोग्रॅममध्ये आकडा छापतो.

खरा घात पुढे आहे. तुमचे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी घेतलेले लोक, निरोगी असतात, त्यांच्यातल्या बहुतेकांना आरए फॅक्टर नसतो, त्यामुळे त्यांच्या विहिरी स्वच्छ येतात. दोन गटांत ठसठशीत फरक दिसतो, पी व्हॅल्यू (फरक योगायोगाचा नसावा असं सुचवणारा आकडा) देखणी येते. आरए फॅक्टर जास्त असलेल्यांचा आजार बऱ्याचदा जास्त तीव्र असतो, त्यामुळे तीव्रतेशी संबंधही जुळून येतो. शंका येणार कुठून? माझ्या पहिल्या आलेखावर सगळे खूश होते. सगळ्यात वरचे ठिपके आरए फॅक्टर सगळ्यात जास्त असलेल्या पेशंटचे होते, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

पकडायचं कसं? सँपल दुप्पट, चौपट, आठपट पातळ करा. उलट गुणाकार केल्यावर आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. भलतीकडे जात असतील तर त्या आकड्यावर विश्वास नको. मग तेच सँपल, किटमधल्या अँटिबॉडी ज्या प्राण्याच्या त्याची साधी आयजीजी भरपूर घालून, नाहीतर बाजारात मिळणारा हेटरोफिलिक ब्लॉकर (असे साकव अडवणारं मिश्रण) घालून पुन्हा लावा. आकडा कोसळला, तर तुम्ही आयएल-६ नव्हे, साकवच मोजत होता. चार विहिरी वाचवायला ही पायरी गाळणारे लोक मला समजतच नाहीत.

एका विहिरीत पंचवीस-तीस सायटोकाइन (आयएल-६ सारखी निरोप्या प्रथिनं) मोजणारी पॅनेलं नवशिक्याने घेऊ नयेत, हे माझं ठाम मत. सगळ्यांना पुरेल असं एकच डायल्युशन नसतं, आणि साकव तिथेही पडतो. गाइडबद्दलही सांगते: पेपर मोजत बसू नका, "प्लेटची कच्ची ओडी (रंगाच्या गडदपणाचा मूळ आकडा) दाखव" म्हणणारा आहे का ते बघा. नसेल तर लॅबमधला जुना टेक्निशियन गाठा.

एवढ्यावरून विषय सोडू नका. आरएमध्ये आयएल-६ खरोखरच वाढतं. त्याचा रिसेप्टर (पेशीवर ते जिथे चिकटतं ती जागा) अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध उगाच चालत नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत नातेवाईक ज्या इंजेक्शनांसाठी वणवण फिरत होते, त्यांतलंच हे एक. मात्र ते घेणाऱ्या पेशंटचं आयएल-६ मोजलंत तर चक्रावाल, कारण औषध लागू पडत असतानाच आकडा चढतो. रिसेप्टर अडवलेला असल्याने आयएल-६ उचललं जात नाही, रक्तात साचतं. सीआरपी मात्र तळाला जातो, अगदी जंतुसंसर्ग असतानाही. आणि हेच औषध अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या मणक्याच्या सांधेविकारात चाचण्यांत फसलं. तिथे टीएनएफ आणि आयएल-१७ ही दुसरी सायटोकाइन अडवल्याचा उपयोग होतो. तेव्हा आरएचं चित्र उचलून दुसऱ्या आजारावर चिकटवू नका.

वेळही सांभाळा. आरएमध्ये आयएल-६ पहाटे चढतं, सकाळी सांधे आखडतात त्याच सुमारास. पेशंटचं रक्त सकाळच्या ओपीडीत आणि कंट्रोलचं दुपारी चहानंतर लॅबमधल्याच मित्रांचं घेतलं, तर फरक कुठून आला ते सांगता येणार नाही.

म्हणून एथिक्स कमिटीकडे जाणाऱ्या फॉर्ममध्ये तीन रकाने पहिल्याच दिवशी घाला: रक्त घेतल्याची वेळ, चालू औषधं, आरए फॅक्टरचा आकडा. मागाहून दुरुस्ती मंजूर करून घेईपर्यंत निम्मे पेशंट औषध बदलून बसलेले असतात.