भूल उतरली, तरी जीभ बधिर: श्वासाच्या ट्यूबचा कफ फुगवताना या चुका टाळा

पायलट बलून (घशातल्या ट्यूबच्या फुग्याला, म्हणजे कफला, जोडलेला बाहेरचा छोटा फुगा) चिमटीत दाबायचा आणि 'बरोबर आहे' म्हणत पुढे जायचं, ही आम्हा भूलतज्ज्ञांची जुनी खोड. बोटांना दाब कळतो हा भ्रम आहे. मीही कित्येक वर्षं असंच करायचो. पहिल्यांदा मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) जोडला, तर काटा सुरक्षित दाबाचा हिरवा पट्टा ओलांडून पार पुढे.

ट्यूबच्या कफमध्ये 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका दाब पुरतो, एलएमएमध्ये (ट्यूबऐवजी घशात स्वरयंत्रावर बसवायचा मास्क) 60 च्या आत. पाकिटावर छापलेले मिली ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायचीच असं नाही. नायट्रस ऑक्साइड हा भुलेचा वायू चालू असेल तर तो हळूहळू कफमध्ये शिरतो, म्हणून सुरुवातीला बरोबर असलेला दाब तासाभराने पुन्हा बघावा लागतो.

लहान नंबरचा एलएमए घालायचा आणि गळती झाली की आणखी हवा भरायची, हे तर सर्रास चालतं. फुगलेला कफ जिभेच्या कडेची लिंग्वल नर्व्ह (जिभेची संवेदना नेणारी नस) दाबतो. नंबर बदला, नाहीतर काढून पुन्हा नीट बसवा.

ट्यूब फार वर ठेवणंही घातक. कफ स्वरतंतूंच्या लगेच खाली फुगला, तर रिकरंट लॅरिंजियल नर्व्हची (स्वरतंतू हलवणारी नस) फांदी कफ आणि थायरॉइड कूर्चा यांच्यामध्ये चेंगरते. डोकं वळवलं किंवा मान मागे केली की ट्यूब सरकते; पोझिशन दिल्यावर पुन्हा तपासा.

आणि मग 'घसा बसलाय, ट्यूबमुळे होतं, दोन दिवसांत जाईल'. बहुतेकदा जातोही. पण मानेतल्या थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज गेला की सगळे सर्जनकडे बघतात. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर गेला, तर आपल्याकडे बघायला हवं. रिकव्हरीत पेशंटला जीभ बाहेर काढायला सांगा. एका बाजूला वळली, तर त्याच बाजूची हायपोग्लॉसल (जीभ हलवणारी नस) दुखावलेली असू शकते. सोबत आवाजही बसला असेल, तर तो टापिया सिंड्रोम. स्पेनचे ईएनटी डॉक्टर टापिया यांनी 1904 साली तो एका बैलझुंजाऱ्यात पाहिला होता. आज तो भुलेनंतरही दिसतो.

चव गेली, जीभ बधिर झाली, पाणी पिताना ठसका लागला, तर चहा देण्याची घाई नको. आवाज काही दिवसांत सुधारला नाही, तर ईएनटीकडून दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या. नस नुसती दबली असेल तर काही आठवड्यांत, कधी महिन्यांत सावरते. अ‍ॅरिटेनॉइड हा स्वरयंत्रातला सांधा निखळला असेल, तर मात्र तो लवकर बसवावा लागतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच वाटतात.