आंबिया संत्रा: कोटिंगचा कॅन घेण्याआधी कात्री घ्या

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड भागात आंबियाची (जानेवारी-फेब्रुवारीच्या बहराच्या संत्र्याची) तोडणी लागली की दुकानात ‘नॅनो कोटिंग’चे, म्हणजे फळ टिकावे म्हणून सालीवर लावायच्या द्रावणाचे, कॅन दिसू लागतात. त्यावर पैसा घालण्याआधी तोडणाऱ्या मजुरांच्या हातात कात्री आहे का ते बघा. संत्रा ओढून तोडला की देठाजवळची साल फाटते. हिरवी बुरशी धड सालीतून आत शिरत नाही, तिला जखमच लागते. बागेत चांगला दिसलेला माल मंडीत पोचेपर्यंत देठाकडून सडलेला मी अनेकांचा पाहिला आहे, आणि कारण बहुतेक वेळा हेच निघाले.

कोटिंगचे तंत्र खोटे नाही. स्टार्चचा खाण्याजोगा पातळ थर बसला की फळातले पाणी हळू उडते. त्यात वनस्पतीपासून काढलेले नॅनोसेल्युलोज (तंतूंचे अतिसूक्ष्म धागे) मिसळले की थर चिवट होतो आणि वाफेला बाहेर पडायला वळसे घ्यावे लागतात. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कापसापासून असे नॅनोसेल्युलोज तयार केले जाते. पण फाटलेल्या सालीत बुरशी आधीच बसली असेल, तर वरचा थर तिला काढू शकत नाही.

‘कडुनिंबापासून बनवलेले नॅनो’ या शब्दांना भुलू नका. पाल्याचा अर्क नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म कण तयार करण्यापुरता असतो, कण चांदीचे किंवा झिंकचेच राहतात. असे द्रावण खायच्या फळावर नको. ताज्या फळांसाठी अन्नसुरक्षेच्या नियमात मधमाशीचे मेण, कार्नौबा मेण (एका ताडाच्या पानांचे) आणि शेलॅक (लाखेपासूनचे) यांना परवानगी आहे, आणि लावलेल्या मेणाचे नाव लेबलवर लिहावे लागते. दुकानदाराला घटकांची यादी मागा. देत नसेल तर घेऊ नका.

तोडणीची कामे:
- दव पूर्ण सुकल्यावरच तोडणी
- देठ कात्रीने, फळाच्या बरोबरीने कापणे
- जमिनीला टेकलेली, खरचटलेली फळे वेगळी
- क्रेट सावलीत
- धुण्यासाठी 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट (जंतुनाशक), लिटर पाण्याला 2 मिली (100 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 100)
- साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करणे, मगच कोटिंग
- शीतगृहात 6 ते 7 अंश सेल्सिअस

अवकाळी पाऊस झाला तर व्यापारी कितीही घाई करो, दोन-तीन दिवस तोडणी थांबवा. साल पाण्याने तट्ट फुगलेली असते, जरा दाब पडला तरी तेलाच्या ग्रंथी फुटून डाग पडतात. मी अंगठ्याने साल हलकी दाबून पाहतो. लगेच तेल सुटले तर त्या दिवशी तोडू नये, असा माझा अंदाज आहे. ढग दाटले म्हणून ओढाताण करून बाग रिकामी करू नका. तेव्हाच सर्वात जास्त देठ फाटतात.

थर जाड झाला तर संत्र्याचा श्वास कोंडतो आणि आत आंबूस वास येतो. म्हणून सगळ्या मालाला लावण्याआधी दहा फळांना कोटिंग करा, दहा तशीच ठेवा. आठवड्याने दोन्हीकडची फळे फोडून चाखा. कोटिंगवाल्या फळांना वास आला तर द्रावण आणखी पातळ करून पुन्हा तपासा.