रिक्षातला भोंगा आणि नाक्यावरचा फळा

२ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दुसऱ्या दिवशी रायगडच्या किनाऱ्यावर येणार होतं आणि मी रिक्षात भोंगा घेऊन ओरडत होतो, "नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे!" कोळीवाड्यात सुकट आवरता आवरता एक आजी म्हणाल्या, "अरे बाला, सुरक्षित स्थळ म्हणजे कुठं? नाव सांग ना." मला सांगता येईना. सूचना मीच लिहिली होती.

पुढच्या वर्षी तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी तीच सूचना अशी लिहिली: "बंदराकडच्या घरांनी आज संध्याकाळी पाचच्या आत मराठी शाळेत यायचं. माडीवरचे वर्ग उघडे आहेत. औषधं आणि रेशनकार्ड पिशवीत घ्या." कुणी, कुठं, कधीपर्यंत, एवढं आधी. वाऱ्याचा वेग मागाहून. 'रेड अलर्ट' ऐकून लोक "पावसाळ्यात असतोच" म्हणतात. 'कौलं उडतील, माड पडतील' म्हटलं की उठतात. कोळीवाड्यात बंदरावर कितव्या नंबरचा धोक्याचा बावटा लागलाय ते सांगा, बाकी त्यांना कळतं.

रिक्षा चालू ठेवून बोलू नका. कोपऱ्यावर थांबा, इंजिन बंद करा, दोनदा सांगा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रत्येक मेसेजवर तारीख आणि वेळ हवीच, नाहीतर गेल्या वर्षीचा मेसेज यंदा फिरतो. आपत्तीचे इशारे देणारं सरकारी सचेत अ‍ॅप आधीच घ्यायला सांगा. १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर भिंतीवर लिहायला लावा. पण निसर्गच्या दुपारी आमच्याकडे मोबाइलला रेंजच उरली नाही, वीज तर पुढे कित्येक दिवस नव्हती. म्हणून वादळाआधीच जाहीर करा: "फोन बंद पडले तर बातमी नाक्यावरच्या फळ्यावर, सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच." सांगण्यासारखं काही नसलं तरी लिहा, "वीज आजही नाही." फळा कोरा राहिला की अफवा सुरू.

साफसफाईची सूचना अगदी बारकाईने द्यावी लागते. झाडाच्या फांद्या, झावळ्या एका कडेला, पत्रे, कौलं, काचा दुसऱ्या कडेला. एकत्र ढीग केला तर तो पुन्हा निवडत बसावं लागतं. घरावर पडलेला माड तोडण्याआधी फोटो काढा, घर आणि माड दोन्ही दिसतील असा. तलाठी नुकसानीच्या पंचनाम्याला येईपर्यंत कुणी थांबत नाही आणि थांबूही नये. लोंबती तार दिसली तर हात लावू नका, वीज गेलेली असली तरी. लाइन कधीही चालू होते, आणि शेजारच्या जनरेटरचा करंटही उलटा येतो.

आणि फळा पत्र्याखाली टांगा. आमचा पहिल्याच दिवशी सरीत धुऊन निघाला, मग टँकरची वेळ विचारायला लोक रात्री अकरापर्यंत माझ्या पडवीत.