आउशवित्झला जाताना बॅग कागदाने मोजा

पोलंडमधल्या आउशवित्झ-बिर्केनाऊ या नाझी छळछावणीच्या स्मारकात ३५ × २५ × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही. हे बहुतेकांना सुरक्षा तपासणीपाशी कळतं. मग बॅग ठेवायला धावपळ, आणि प्रवेशपासवरची वेळ ठरलेली!

मोजपट्टी नसेल तर ए४ कागद घ्या.

१. बॅग आडवी ठेवून वर कागद ठेवा. चारही बाजूंनी बॅग जेमतेम एका बोटाच्या रुंदीइतकी बाहेर आली तर चालेल.
२. कागदाची लांब बाजू मध्यावर दुमडा. ती होते जवळपास १५ सेंटिमीटर, म्हणजेच बॅगेची कमाल जाडी. मात्र बॅग भरल्यावरच मोजा. रिकामी बॅग फसवते. पुढच्या खिशात कोंबलेलं जॅकेट हमखास घात करतं.

पासवर नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ हवाच. बुकिंग करताना नाव त्यातलंच लिहा, घरगुती स्पेलिंग नको.

मुख्य छावणी पाहून लगेच परतू नका. बिर्केनाऊ ही दुसरी छावणी साधारण ३ किलोमीटरवर आहे, मोफत बस असते. तिथे सगळं उघड्यावर, चालणं भरपूर. बूट मळले तरी चालतील असे घाला, आणि पाणी विसरू नका.

एक सांभाळा: मृतांचे केस ठेवलेल्या दालनात आणि ब्लॉक ११ च्या (छावणीतल्या तुरुंगाच्या इमारतीच्या) तळघरात फोटो काढायला बंदी आहे. दारापाशीच फोन खिशात टाका, हातात राहिला की बोट आपोआप कॅमेऱ्याकडे जातं.