चिपमंक उडवायचंय? आधी बुटांपासून सुरुवात करा

बूट पातळ तळव्याचे घाला. चिपमंक शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो. जमिनीवर असताना हे विमान हातांपेक्षा पायांनी सांभाळायचं असतं आणि जाड सोलमधून रडरचं, म्हणजे शेपटावरच्या सुकाणूचं, पेडल कळत नाही.

डी हॅविलंड चिपमंक हे दोन आसनी विमान, एकापाठी एक बसायचं. कॅनडात घडलं, १९४६ साली पहिल्यांदा उडालं आणि ब्रिटिश हवाई दलाच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. मी इंग्लंडमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी हे विमान उडवतो. इथे नव्याने आलेली आपली मुलं-मुली विचारतात, "दादा, हे कुठून सुरू करायचं?" म्हणून हे लिहितोय.

आधी साध्या विमानावर खाजगी परवाना, म्हणजे पीपीएल, काढा. मी पायपर चेरोकीवर काढला. ब्रिटनमध्ये किमान ४५ तास उड्डाण लागतं, त्यातले दहा एकट्याने. शिवाय नऊ लेखी परीक्षा, प्रत्येकीत ७५ टक्के हवेत. भारतात हाच परवाना डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, देतं. मला ६३ तास लागले. इथलं हवामान त्याला मोठं कारण. शुक्रवारी रात्री चांदणं आणि शनिवारी सकाळी ढग छपराला टेकलेले, असं सलग तीन आठवडे झालं की शिकलेलं निसटतं आणि पुन्हा मागून सुरुवात. म्हणून आधी पैसे साठवा, मग आठवड्याला दोनदा जा. रखडत केलेलं शिक्षण शेवटी महागच पडतं. मात्र साठवलेले पैसे फ्लाइंग स्कूलला एकरकमी देऊ नका, तासागणिक द्या. माझी पहिली शाळा बंद पडली तेव्हा माझे आगाऊ भरलेले पैसे बुडाले. त्या सवलतीच्या मोहाची किंमत मला पूर्ण उन्हाळाभर मोजावी लागली.

आता खरा विषय. नेहमीच्या विमानाचं तिसरं चाक नाकाखाली असतं, चिपमंकचं शेपटाखाली. तेवढ्यानं सगळं पालटतं, कारण वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे पडतो. सायकल सीटला धरून मागे ढकलून पाहा: हँडल जरा कललं की आणखी कलतच जातं. धावपट्टीवर टेलव्हीलचं, म्हणजे शेपटाखाली चाक असलेल्या विमानाचं, तसंच होतं. नाक थोडं वळलं आणि पाय झोपलेले असले, की शेपूट पुढे यायला बघतं आणि विमान गर्रकन फिरतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. त्यात पंखाचं टोकही मोडू शकतं आणि चाकांचे पायही.

शिवाय चिपमंकच्या जिप्सी मेजर इंजिनाचा पंखा चेरोकीच्या उलट दिशेने फिरतो. टेकऑफला उजवा पाय द्यायची माझी सवय पक्की झालेली. इथे डावा द्यावा लागतो. पहिल्या दिवशी इंजिनाचा जोर वाढवायला थ्रॉटल पुढे केलं, पायाने जुनंच केलं आणि धावपट्टीची कड अंगावर येऊ लागली. तेवढ्यात माझ्या पायाखालचं पेडल आपोआप सरकलं. मागच्या सीटवरून इन्स्ट्रक्टरनी दाबलं होतं. ते एवढंच म्हणाले, "नाकाकडे नको, लांब झाडांकडे बघ." त्या एका वाक्याने माझी लँडिंग सुधारली.

ब्रेकचंही नीट समजून घ्या. कॉकपिटमध्ये हातब्रेकसारखी दांडी असते. ती काही खाचा ओढून ठेवली की ज्या बाजूचा रडर दाबाल त्या बाजूचं चाक धरतं आणि टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, वळता येतं. नाक वर असल्यानं समोरचं दिसत नाही, म्हणून नागमोडी जावंच लागतं. पण टेकऑफ आणि लँडिंगआधी दांडी पूर्ण सुटलेली हवी, नाहीतर रडर देताना नकळत ब्रेकही लागतो. मी ती अजूनही हाताने चाचपतो आणि मोठ्याने म्हणतो, "ब्रेक सुटा."

टेलव्हीलसाठी वेगळी लेखी परीक्षा नाही, ठरावीक तासही नाहीत. इन्स्ट्रक्टरची खात्री पटली की लॉगबुकात सही. मला आठ तास लागले. विमान एकट्याने विकत घेणं माझ्या पगारात बसणारं नव्हतं. इथे अनेक जण मिळून एका विमानाचे हिस्सेदार होतात, तसा मीही झालो. तेल, विमा, दुरुस्ती सगळ्यांत वाटून जाते.

हिस्सा घेण्याआधी एक उन्हाळा नुसते हँगरवर जा. विमानं बाहेर ढकला, पुसा, चहा करा. जिप्सी मेजर तेल गाळतंच. पोटावरचं तेल पुसताना कुठला पाइप कुठे जातो ते डोळ्यांत बसतं. टायगर मॉथ या जुन्या दुपंखी विमानाचा पुढचा पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करतात ते बघा. स्विच बंद आहेत की चालू, हे पुढचा आणि कॉकपिटमधला दोघेही मोठ्याने बोलून पक्कं करतात. त्या विमानाला ब्रेकच नाहीत, म्हणून जोराच्या वाऱ्यात कोणीतरी पंखाचं टोक धरून सोबत चालतं.

बेडफर्डशरमधल्या ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ संग्रहालय आहे, तिथे आवर्जून जा. १९०९ चं ब्लेरिओ विमान तिथे आहे; वारा पूर्ण पडला तरच ते बाहेर काढतात. तिथलंच एक छोटं लाल कॉम्पर स्विफ्ट विमान पूर्वी भारतात होतं, नोंदणी व्हीटी-एडीओ. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ त्याच्यापाशी उभा होतो. भारतात असाल तर दिल्लीच्या पालमला हवाई दलाचं संग्रहालय पाहा. आपल्या हवाई दलाकडे एक टायगर मॉथ आणि 'परशुराम' नावाचं जुनं डकोटा मालवाहू विमान पुन्हा उडतं झालंय, याचा मला फार अभिमान वाटतो.

चिपमंक एकट्याने उडवताना पुढच्या सीटवर बसतात. माझ्या पहिल्या एकट्या उड्डाणाला मे महिन्यातली संध्याकाळ होती. दोन हजार फुटांवर कॅनॉपी, म्हणजे डोक्यावरचं काचेचं छप्पर, थोडी मागे सरकवली आणि खालच्या शेतांतल्या कापलेल्या गवताचा वास आत आला. उतरताना झाडांकडे बघत राहिलो. विमान सरळ धावलं, थांबलं. मग फडकं घेतलं आणि पोटाखाली शिरलो.