फ्युएल सेलचा कॅटॅलिस्ट ‘गेला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलचं व्होल्टेज पडलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "कॅटॅलिस्ट गेला", आणि लगेच नवीन स्टॅकची, म्हणजे सेलच्या अख्ख्या थप्पीची, चौकशी सुरू. थांबा जरा. बऱ्याचदा कॅटॅलिस्टचं, म्हणजे रिअ‍ॅक्शन घडवणारं, प्लॅटिनम जागेवरच असतं, त्याच्यावर भलतंच काहीतरी येऊन बसलेलं असतं, आणि ते काय हे न शोधता स्टॅक बदलला तर नवा पण तसाच बसणार.

आधी सेलमध्ये पाणी तुंबलं नाही ना ते बघा, मग संशय कार्बन मोनॉक्साइडवर. 80 अंशांच्या आसपास चालणाऱ्या पीईएम (पॉलिमरच्या पातळ पडद्याच्या) सेलमध्ये तो प्लॅटिनमला असा चिकटतो की 10 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 10 भागसुद्धा त्रास द्यायला पुरतो, हायड्रोजनला जागाच मिळत नाही. लोड चालू ठेवून शुद्ध हायड्रोजन सोडा आणि वाट बघा, व्होल्टेज हळूहळू वर आलं तर बहुतेक तोच होता. नाही आलं तर सल्फर तपासा, तो असा सहजासहजी सुटत नाही. गाडीच्या हायड्रोजनसाठी आयएसओ 14687 या मानकामध्ये कार्बन मोनॉक्साइडला 0.2 पीपीएम चालतो पण सल्फरला फक्त 0.004, ते उगाच नाही.

रिफॉर्मर (इंधनापासून हायड्रोजन बनवणारं यंत्र) असेल तर सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मोनॉक्साइड वाढला की शेवटच्या ऑक्सिडेशन बेडला (उरलेला मोनॉक्साइड जाळणारा कॅटॅलिस्टचा थर) हवा वाढवत जायची. जादा हवेने हायड्रोजनच जळतो, बेड तापतो, आणि तापलेल्या बेडवर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून मोनॉक्साइड परत तयार व्हायला लागतो, म्हणजे तुम्ही हवा वाढवताय आणि रीडिंग पण वाढतंय! हवा नंतर, आधी बेडचं तापमान खाली आणा. आणि बेड नीट गरम व्हायच्या आत गॅस स्टॅककडे सोडू नका, कितीही घाई असली तरी. स्टार्टला लागणारा हा वेळ गाडीवरच्या रिफॉर्मरला कायम नडला, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2004 मध्ये ते काम थांबवलं त्यात हेही एक कारण होतं.

रिफॉर्मरमधला तांबं-झिंकचा शिफ्ट बेड (वाफेच्या मदतीने मोनॉक्साइड कमी करणारा थर) सर्व्हिसला तसाच उघडायचा नाही. मी एकदा उघडला होता, इंधन बंद, हीटर बंद, तरी थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या तारेचा) आकडा डोळ्यासमोर चढत गेला, कारण रिड्यूस झालेलं (ऑक्सिजन निघून गेलेलं) तांबं हवेतला ऑक्सिजन घेऊन तापतं, आणि 300 अंशांच्या पुढे त्याचे बारीक कण एकमेकांत मिसळतात, मग तो बेड पूर्वीसारखा होत नाही. आधी नायट्रोजनमध्ये अगदी थोडी हवा मिसळून सावकाश सोडायची, तापमान बघत बघत.

गाडी उभी राहिली की अ‍ॅनोडमध्ये, म्हणजे सेलच्या हायड्रोजनच्या बाजूला, हवा शिरते. परत हायड्रोजन हळूहळू सोडला की अर्ध्या भागात हायड्रोजन, अर्ध्यात हवा, आणि त्या हवेच्या भागासमोर कॅथोडचं, म्हणजे ऑक्सिजनच्या बाजूचं, पोटेन्शियल 1.4 व्होल्टच्या घरात जातं. तिथे प्लॅटिनमच्या खालचा कार्बनच जळतो, हे नुकसान मात्र भरून येत नाही. म्हणून हायड्रोजन झटक्यात भरा, आणि नंतर सेल विनालोड ताटकळत ठेवू नका.

कॅथोडचा एअर फिल्टर पण बघा, नुसता धुळीचा असेल तर पुढच्या गाडीच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड सरळ आत जातो, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनवाला लागतो आणि तो वेळेवर बदलावा लागतो.